फुकट द्या, पण गिऱ्हाईक समजून द्या

बॅचमध्ये दर वेळी दोन-तीन पोरं-पोरी असे असतातच, ज्यांना धंद्यासोबत समाजासाठीही काहीतरी करायचं असतं. गरीब मुलांना कपडे देण्याचा विषय तर हमखास निघतो. "सर, आम्ही दहा मित्र आहोत. घरोघरी जाऊन कपडे जमा करतो आणि वस्तीत वाटतो. यात प्लॅनिंग कसलं करायचं?"

आजचा धडा याच प्रश्नावर आहे. हे काम चांगलंच आहे, पण 'वाटप' म्हणून केलं तर दोन महिन्यांत थकाल. दुकान म्हणून चालवलं तर टिकेल. आणि उद्या तुम्ही कपड्यांचाच काय, कुठलाही धंदा केलात, तरी इथे शिकलेलं कामाला येईल.

१. आधी बघा, बाजारात जागा कुठे रिकामी आहे

कपडे वाटणारे खूप आहेत. दिवाळीत साड्या, हिवाळ्यात ब्लँकेट, लहान मुलांना फ्रॉक-शर्ट. मग तुमची गरज कुठे आहे?

वयानुसार बघू. समग्र शिक्षा योजनेत सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना वर्षाला गणवेशाचे दोन जोड मिळतात. त्यासाठी दर मुलामागे ६०० रुपये धरलेले असतात. पण ही सोय पहिली ते आठवीपर्यंतच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा या वयासाठीच आहे. म्हणजे मूल नववीत गेलं की या योजनेचा गणवेश बंद. आणि नेमकं त्याच वयात अंग भराभर वाढतं. जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर जाते.

जमा होणाऱ्या कपड्यांतही हीच अडचण. घराघरांतून लहान बाळांचे कपडे येतात, कारण ते झिजायच्या आधीच अपुरे होतात. मोठ्या माणसांचे येतात, कारण पोट वाढलं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांचे चांगले कपडे मात्र कमी येतात. ती मुलं एकच जीन्स विटेपर्यंत घालतात, नाहीतर घरातल्याच धाकट्या भावंडाला देतात.

म्हणजे मागणी आहे आणि माल कमी आहे. धंद्याच्या भाषेत रिकामी जागा म्हणतात ती हीच. या वयात कपड्यावरून खूप काही ठरतं. फाटक्या शर्टापायी मुलगा क्लासला जायचं टाळतो. डाग दिसेल या भीतीने मुलगी महिन्यातले चार दिवस शाळेत जात नाही. गांधीबागच्या शोरूममध्ये पहिल्या नोकरीसाठी विचारायला जायचं असतं, पण अंगावर धड शर्ट नसतो. चार वर्षांच्या मुलाला कपडा जुना आहे की नवा, कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला चांगलंच कळतं.

२. सगळं गोळा करू नका, एक माल धरा

अमेरिकेत डू समथिंग नावाची तरुणांची संस्था आहे. तिने एरोपोस्टल या कपड्यांच्या दुकानसाखळीसोबत २००८ मध्ये 'टीन्स फॉर जीन्स' नावाची मोहीम सुरू केली. शाळकरी मुलामुलींनीच घरातल्या आणि शाळेतल्या वापरलेल्या जीन्स गोळा करायच्या, दुकानात नेऊन द्यायच्या आणि त्या बेघर किशोरवयीन मुलांपर्यंत पोहोचवायच्या. देणाऱ्याला नव्या जीन्सवर सवलत मिळायची, म्हणजे दुकानाचंही गिऱ्हाईक वाढायचं.

यातून काय घ्यायचं? त्यांनी 'जुने कपडे द्या' असं मोघम आवाहन केलं नाही. त्या वयाची मुलं स्वतः काय मागतात, ते पाहिलं. उत्तर होतं जीन्स. जीन्स टिकते, रोज धुवावी लागत नाही, कशावरही चालते आणि घातली की मुलगा चारचौघांसारखा दिसतो. एकच वस्तू असल्यामुळे आवाहन सोपं झालं, निवड सोपी झाली आणि साइज लावणंही सोपं झालं.

तुम्हीही पहिल्या वर्षी तीनच वस्तू धरा: जीन्स किंवा पँट, शर्ट किंवा टी-शर्ट, आणि मुलींसाठी कुर्ती-लेगिंग. नागपूरचा हिवाळा लक्षात घेऊन ऑक्टोबरपासून स्वेटर-जॅकेट वाढवा. आतले कपडे मात्र कधीच जुने द्यायचे नाहीत. ते नवीनच घ्यायचे, ठोक भावात.

३. घेणाऱ्याला निवडू द्या

इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या. नको असेल तो कपडा अडकवा, हवा असेल तो घेऊन जा. ही कल्पना जगभर गेली आणि आपल्याकडे 'माणुसकीची भिंत' म्हणून महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोहोचली. कल्पना सुंदर आहे. खर्च जवळपास नाही आणि कोणाची परवानगी मागत उभं राहावं लागत नाही.

पण दहावीतल्या मुलाच्या नजरेने बघा. भिंत भर चौकात. समोरून वर्गातली मुलं ट्यूशनला चाललीत. तो तिथे थांबून शर्ट अंगाला लावून बघेल का? नाही बघणार. मोठी माणसं थांबतील, पोट्टे थांबणार नाहीत.

म्हणून आडोशाची जागा पाहिजे. एखादा गाळा, समाजभवनाची खोली, शाळेचा रिकामा वर्ग, काहीही चालेल. हँगरवर कपडे, साइजप्रमाणे रांगा, एक आरसा आणि पडदा लावलेली ट्रायल रूम. मुलींसाठी वेळ वेगळी आणि तिथे उभ्या राहणाऱ्या मुलीच. प्रत्येकाला सारखी कुपनं द्या, समजा तीन कुपनं म्हणजे तीन कपडे. मग तो स्वतः ठरवतो, दोन शर्ट आणि एक पँट की उलटं. दुकानात गिऱ्हाईक हेच करतं ना?

फोटोबद्दल स्पष्ट सांगतो. कपडे घेणाऱ्या मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसवर टाकू नका. तुमच्या दुकानात कोणी उधारीवर सामान नेलं, तर त्याचा फोटो काढून बाहेर लावाल का? पुन्हा येईल का तो? रिकामं रॅक आणि भरलेलं रॅक दाखवा. देणगीदाराला तेवढं पुरतं.

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले होते. लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि दागिन्यांवरून माणसाची जात ओळखली जाते, ती तऱ्हा बदला, असं त्यांनी सांगितलं. कपड्यावरून समाज माणसाला कुठे बसवतो, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच सांगून झालंय. तुम्ही दिलेला शर्ट 'दान मिळालेला' म्हणून दुरूनच ओळखू येत असेल, तर अंग झाकलं जाईल, पण मुलाची मान वर होणार नाही. म्हणून टी-शर्टवर तुमच्या ग्रुपचं नाव छापण्याचा मोह टाळा.

४. नाही म्हणायला शिका

आपल्या लकडगंजच्या वखारीत कधी नीट बघितलंय? सागवान वेगळं, हलकं लाकूड वेगळं. लांबी, जाडी, गाठ बघून थप्प्या लागलेल्या असतात. आरा मशीनवरचा भुसासुद्धा वेगळा विकला जातो. सगळं एका ढिगात टाकून "यातून शोधा" असं कोणी म्हणत नाही. कपड्यांचंही तसंच.

भारतात हे सगळ्यात चांगलं करून दाखवलं ते 'गूंज'ने. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत घरातल्याच ६७ कपड्यांपासून सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं खरं काम गोळा करण्यात नाही, त्यानंतरच्या छाननीत आहे. आलेला प्रत्येक कपडा तपासायचा, भाग, ऋतू आणि गरज बघून गठ्ठे बांधायचे. घालण्यासारखा नसेल त्याचंही काहीतरी करायचं: जुन्या जीन्सची दप्तरं, सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅड, चिंध्यांच्या गोधड्या.

गूंजचा 'क्लॉथ फॉर वर्क' हा उपक्रमही समजून घ्या. गावकरी मिळून गावाचं काम ठरवतात, विहीर, रस्ता, तळं. ते श्रमदानाने करतात आणि मोबदला म्हणून कपडे नेतात. कपडा भीक राहत नाही, कमाई होते. हे मोठ्यांसाठी ठीक. अठराच्या आतल्या मुलांकडून कपड्याच्या बदल्यात काम करून घेऊ नका. त्यांच्यासाठी कुपन पुरे.

तुमचा नियम साधा ठेवा. धुतलेला, चेन चालणारा, बगलेत न फाटलेला, आणि 'माझ्या बहिणीला मी हा घालायला दिला असता का' या प्रश्नाचं उत्तर 'हो' असणारा कपडाच घ्यायचा. बाकीचा हात जोडून तिथेच परत.

५. एका नगाचा खर्च काढा

"फुकट मिळालं, फुकट दिलं, खर्च कुठला?" असं वाटतं ना? चला, हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पहिली पद्धत, जे मिळेल ते घ्या. जमा झाले ४०० नग. त्यातले या वयाचे आणि चांगले निघाले १६०.
- मालवाहू ऑटो: ८००
- धुलाई-इस्त्री, १२ रुपयांप्रमाणे: १,९२०
- चेन, बटण, शिवण, ४० नग, २० रुपयांप्रमाणे: ८००
- पिशव्या, ३ रुपयांप्रमाणे: ४८०
- दोन दिवस जागेचं भाडं: २,०००

एकूण ६,०००. एका नगाला साडेसदतीस रुपये. शिवाय उरलेले २४० नग कुठे टाकायचे, हा प्रश्न तुमच्याच डोक्यावर.

दुसरी पद्धत, नियम सांगून घ्या. जमा झाले १६०, चांगले निघाले १३०. ऑटोची एक फेरी ४००. कपडे धुतलेलेच आले, म्हणून फक्त इस्त्री, ६ रुपयांप्रमाणे ७८०. दुरुस्ती १० नगांची २००. पिशव्या ३९०. भाडं तेच २,०००. एकूण ३,७७०. एका नगाला २९ रुपये.

जमा झालेला माल निम्म्याहून कमी, पण मुलांच्या हातात गेलेले कपडे फक्त तीसने कमी. आणि आता देणगी मागताना तुम्ही "काहीतरी मदत करा" म्हणणार नाही. म्हणाल, "एका मुलाचे तीन कपडे तयार करायला ८७ रुपये लागतात. तुम्ही किती मुलांचे द्याल?" हा फरक मार्केटिंगचा आहे.

६. कागद नीट ठेवा

ग्रुप तरुणांचा असला, तरी सह्या करणारे अठरा पूर्ण झालेलेच पाहिजेत. सज्ञान नसलेल्याला करार करता येत नाही. सुरुवातीला नोंदणी नसली तरी वही पाहिजेच: नग किती आले, किती गेले, पैसे कोणी दिले, कुठे गेले. पैसे एका मित्राच्या खात्यात वर्षानुवर्षं ठेवू नका. मैत्री तिथेच तुटते.

काम टिकलं तर नोंदणी करा. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायची तर किमान सात जण लागतात. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट करता येतो, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी. ८०जीची सवलत मिळाली, तरी ती पैशांच्या देणगीला असते, कपड्यांना नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेक किंवा यूपीआयनेच घ्या.

गांधीबाग-इतवारीतल्या दुकानदाराकडे डेड स्टॉक मागायला जाल, तेव्हा त्याची अडचण समजून जा. माल भेट म्हणून दिला, तर त्यावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे त्याला सोडावं लागतं. म्हणून "फुकट द्या" ऐवजी "कमी भावात बिल करा" हे कधीकधी दोघांनाही सोयीचं पडतं. त्याच्या सीएला विचारायला सांगा. एवढं समजून बोललात, तर तो तुम्हाला वर्गणीवाले समजणार नाही, व्यापारी समजेल.

गृहपाठ

या आठवड्यात एकही कपडा गोळा करू नका. नववी ते बारावीतल्या दहा मुलामुलींशी बोला. मुलींशी मुलींनीच बोलायचं. तीनच प्रश्न विचारा: सध्या कोणता कपडा कमी पडतोय? साइज काय? कुठे आणि किती वाजता यायला अवघड वाटणार नाही? दहा उत्तरं वहीत लिहा. मगच देणाऱ्यांच्या घरी जा, आणि जाताना ती साइजची यादी सोबत न्या.