दवाखान्यांतून घरीं आणलेलें पांखरूं

खानदेशांत आतां पुष्कळ घरांच्या ओसरीवर एक लहान पिंजरा टांगलेला दिसतो, आणि त्यांत हिरव्या, पिंवळ्या किंवा निळ्या रंगाचीं पांखरें किलबिलत असतात. बाजारांत त्यांस 'लव्हबर्ड' म्हणतात. परंतु तें नांव खरें पाहतां आफ्रिकेंतील दुसऱ्याच जातीच्या लहान पोपटांचें आहे. आपल्या घरचीं हीं पांखरें बहुधा बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरील छोटे पोपट होत. जॉन गूल्ड नांवाच्या पक्षिशास्त्रज्ञानें सन १८४० मध्यें तीं जिवंत इंग्लंडांत नेलीं, व पुढें तीं जगभर घरोघर पोहोंचलीं.

असें पांखरूं कधीं फिरत्या पंख्यावर आपटतें, कधीं दाराच्या फटींत त्याचा पाय चिरडतो, कधीं तें मांजराच्या पंजांत सांपडतें. धनी त्यास घेऊन जळगांवच्या किंवा धुळ्याच्या पशुवैद्याकडे जातो, औषध घेऊन परत येतो, आणि घरच्या मंडळीस वाटतें कीं आतां संकट टळलें. आम्हांस ह्या पाठांत हें दाखवावयाचें आहे कीं वैद्याचें काम घटकाभराचें असतें, परंतु घरच्यांचें काम पंधरा-वीस दिवसांचें असतें. आणि पांखरूं जगणें किंवा न जगणें हें पुष्कळदां ह्या दुसऱ्या कामावर अवलंबून असतें.

१. लहान देहाचा मोठा धोका

बजरीगराचें वजन अवघें ३० ते ४० ग्रॅम. त्याच्या अंगांतील सारें रक्त तीन-चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनहि कमी. आपल्या देहाची उष्णता सुमारें ३७ अंश, तर ह्या चिमुकल्या देहाची सुमारें ४१ अंश. एवढी ऊब राखण्याकरितां त्यास दिवसभर थोडें थोडें खावें लागतें. बैल आजारी पडला तर एक दिवस चारा न खातांहि तग धरील. परंतु बजरीगरानें एक दिवस अन्न सोडलें तर त्याच्या जिवावर बेततें.

दुसरी गोष्ट अशी कीं पांखरें आपलें दुखणें लपवितात. थव्यांत जें दुबळें दिसतें त्यावर ससाणा झडप घालतो. म्हणून शक्ति असेतों तें ताठ बसतें व बरें असल्याचा आव आणतें. तें पिसें फुलवून डोळे मिटून कोपऱ्यांत बसलेलें दिसतें, तेव्हां दुखणें बरेंच पुढें गेलेलें असतें. ह्यास्तव नुसत्या डोळ्यांवर विश्वास न ठेवतां रोज मोजून पाहावें, हा ह्या पाठाचा मुख्य धडा होय.

२. दवाखाना सोडण्यापूर्वीं

आपल्या जिल्ह्यांतील पशुवैद्यांकडे गुरें, शेळ्या व कोंबड्या यांची गर्दी असते. म्हणून निघण्यापूर्वीं पुढील गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्या: आज पांखराचें वजन किती भरलें? औषध किती थेंब किंवा मिलिलिटरचे किती भाग, दिवसांतून कितीदां व किती दिवस? पट्टी कधीं काढावयाची? कोणतें चिन्ह दिसल्यास लागलीच परत यावें? औषध पाजण्याची रीत त्यांच्यासमोर एकदां करून दाखवावी. लाज धरून न विचारतां घरीं आल्यास त्याचें मोल पांखरास द्यावें लागतें.

३. जागा, ऊब आणि हवा

दुखणाईत पांखरास लहान पिंजरा किंवा हवेशीर खोकें पुरे. शिड्या, झोके व आरसे काढून टाकावे. बसावयाची काडी जमिनीपासून दोन बोटें उंचीवर ठेवावी. पाय मोडला असेल तर ती अजीबात नको, मऊ फडकें किंवा कागद अंथरावा. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडानें झांकाव्या म्हणजे त्यास निर्धास्त वाटतें. रात्रीं दहा-बारा तास अंधार व शांतता असावी. जोडीदार असल्यास त्यास वेगळ्या पिंजऱ्यांत, परंतु दिसेल व ऐकूं येईल असें शेजारीं ठेवावें.

आजाऱ्यास सुमारें २८ ते ३० अंश उष्णता मानवते. खानदेशचे ऋतू ह्या बाबतींत फार कडक आहेत. पौषांतील रात्रीं धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते; तेव्हां गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे नको वाटल्यास पांखरूं दुसऱ्या बाजूस सरकूं शकेल. जुन्या तारेच्या दिव्याचीहि ऊब देतां येते; आजकालच्या एलईडी दिव्यानें मात्र उजेड पडतो, ऊब मिळत नाहीं. उलट वैशाखांत जळगांव-भुसावळाकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत उबेचें नांवहि नको. कित्येक म्हणतात, हें तर उष्ण देशाचेंच पांखरूं. खरें, परंतु रानांत तें सांवलीकडे व पाण्याकडे उडून जातें, पिंजऱ्यांत त्यास कोठेंच जातां येत नाहीं. चोंच उघडी ठेवून तें धापा टाकूं लागलें व पंख अंगापासून दूर धरूं लागलें, तर त्यास उष्मा होत आहे असें समजावें, आणि तत्काळ थंड जागीं न्यावें.

हवेचाहि विचार करावा. पांखराच्या देहांत फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात व वाईट हवेचा परिणाम त्यावर फार लवकर होतो. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत विषारी वायु ओळखण्यासाठीं कॅनरी पक्षी नेत असत, व ती चाल १९८६ पर्यंत होती, ती ह्याच कारणास्तव. म्हणून चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती व फवारा यांपासून पिंजरा दूर असावा. न चिकटणारा तवा फार तापल्यास त्यांतून निघणारी वाफ माणसास जाणवतहि नाहीं, परंतु बजरीगर त्यानें मरतें.

४. अन्न, वजन आणि कागद

बाजरी व राळे हें त्याचें नित्याचें अन्न समोर, उथळ वाटींत, चोंच सहज पोहोंचेल असें ठेवावें. दुखण्यांत नवें अन्न शिकवूं नये. बाजरीचें ओलें कणीस मिळाल्यास तें त्यास आवडतें. येथें एक फसगत सांगितली पाहिजे. बजरीगर दाणा सोलून खातें व टरफल वाटींतच टाकतें. त्यामुळें रिकामी वाटीहि भरलेली दिसते. भरल्या वाटीजवळ पांखरूं उपाशीं राहूं नये म्हणून रोज दोनदां टरफलें फुंकून दाणे पाहावे.

एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा लहान विजेचा कांटा घरीं किंवा शेजारच्या दुकानांत मिळूं शकतो. रोज सकाळीं, खाण्यापूर्वीं, त्याच वेळीं, लहान डबींत बसवून वजन घ्यावें, डबीचें वजन वजा करावें, व आंकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावा. ३५ ग्रॅमचें पांखरूं ३२ ग्रॅमवर आलें तर आपणांस ती तीन ग्रॅमची क्षुल्लक घट वाटेल. परंतु ७० शेरांच्या मनुष्यानें सहा शेर गमावण्यासारखी ती आहे. अशा वेळीं वैद्यास कळविण्यास उद्यांची वाट पाहूं नये.

पिंजऱ्याच्या तळाशीं छापील नसलेला पांढरा कागद घालावा व रोज बदलावा. निरोगी विष्ठेंत हिरवट-काळसर भाग, पांढरा भाग व थोडें पाणी असें तिन्ही दिसतें, आणि दिवसभरांत तीसांहून अधिक ठिपके मोजतां येतात. ठिपके थोडे झाले, किंवा नुसता पांढरा-पाणचट भाग दिसूं लागला, तर पांखरूं खात नाहीं असें समजावें. हा कागद खोटें बोलत नाहीं.

५. औषध आणि हात

पांखरास वारंवार उचलून छातीशीं धरण्याचा मोह लहान मुलांसच काय, थोरांसहि आवरत नाहीं. परंतु पांखरास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्याची छाती पुढें-मागें हालली तरच त्यास श्वास मिळतो. छातीवर मूठ आवळल्यास तें हातांतच गुदमरतें. म्हणून औषधापुरतेंच उचलावें: तर्जनी व मधलें बोट यांमध्यें डोकें हळूच धरावें, पाठ तळव्यास टेकवावी, व छाती मोकळी सोडावी. सुई नसलेल्या पिचकारीनें चोंचेच्या कडेस एकेक थेंब सोडावा व गिळूं द्यावा. घशांत ओतूं नये. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें, आणि औषध तिच्यांत गेल्यास प्राण जातो. वैद्यानें सांगितलें नसतां औषध पाण्यांत मिसळूं नये. कारण आजारी पांखरूं किती पाणी पिईल याचा नेम नसतो. पांखरूं चपळ दिसूं लागलें म्हणून औषध मध्येंच थांबवूं नये.

घरांतील गोळी फोडून देणें तर मुळींच नको. डायक्लोफेनॅक हें दुखण्यावरील औषध आपल्या देशांत गुरांना दिलें जाई. गुरांस तें मानवे. परंतु त्या गुरांचें मढें खाऊन गिधाडें मेलीं, इतकीं कीं आकाश रिकामें झालें. सन २००६ मध्यें सरकारनें गुरांसाठीं त्याचा वापर बंद केला. एका देहास जें औषध तेंच दुसऱ्यास विष, हें आपल्याच देशानें फार महाग शिकलें आहे. जखमेवर तेल-हळद किंवा मलमहि फांसूं नये. पिसें चिकटतात, व पिसांची ऊब नाहींशी होते.

पट्टी बांधली असेल तर दिवसांतून दोनदां बोटें पाहावीं. बोटें सुजलीं, निळीं-काळीं पडलीं, किंवा गार लागलीं तर पट्टी फार आवळली आहे. हाड जुळण्यास साधारण तीन आठवडे लागतात; तत्पूर्वीं उडण्यास सोडणें म्हणजे वैद्याचें काम मोडणें. मांजराच्या दाताची जखम टांचणीएवढी असली तरी हलकी मानूं नये. मांजराच्या लाळेंतील जंतूंनीं एक-दोन दिवसांत पांखरूं दगावतें.

६. स्वच्छता आणि कायदा

पांखरास हात लावण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. पिंजऱ्यांतील सुकलेली घाण झाडूं नये, ओलें करून पुसावी, कारण पोपटांपासून माणसासहि फुप्फुसाचा ज्वर होऊं शकतो. घरीं कोंबड्या असल्यास पिंजरा त्यांपासून दूर ठेवावा. सन २००६ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिली बर्ड फ्लूची सांथ आपल्याच खानदेशांत, नवापुरास, उघडकीस आली, हें आम्हीं विसरूं नये.

आणखी एक. बजरीगर परदेशी आहे. परंतु आपल्या झाडांवरचा राघू पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. संक्रांतींत मांजानें चिरलेला राघू, घार किंवा बगळा सांपडला, तर त्यास हवेशीर खोक्यांत, अंधारांत ठेवावें, तोंडांत पाणी ओतूं नये, व वनखात्यास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें.

७. परत केव्हां न्यावें

रक्त पुन्हां वाहूं लागलें, श्वासाबरोबर शेपटी वर-खालीं होऊं लागली, पांखरूं तळाशीं बसून राहिलें, वजन दहांतील एक भाग घटलें, किंवा दिवसभर खाल्लें नाहीं, तर तत्काळ परत न्यावें. वाटेंत खोकें झांकलेलें असावें, थंडींत ऊब व उन्हाळ्यांत सांवली असावी. दुपारच्या मोटारींत न नेतां पहाटेच्या गाडीनें जावें, मात्र रक्त वाहत असल्यास वेळ पाहूं नये.

इतकें करूनहि कधीं कधीं पांखरूं जातें. त्यांत नेहमीं कोणाचा दोष असतोच असें नाहीं, हें मुलांस स्पष्ट सांगावें. परंतु ज्या घरीं एका मुलानें रोज सकाळीं वजन लिहिलें, दुसऱ्यानें कागद बदलला, आणि सर्वांनीं हात आवरून धरले, त्या घरीं मुलांनीं एक मोठी गोष्ट शिकून घेतली. बरें करणें हें त्या देहाचें स्वतःचें काम आहे. आपलें काम त्याच्या वाटेंतील अडथळे दूर करणें आणि लक्ष ठेवणें एवढेंच. प्रीति म्हणजे सदा कुरवाळणें नव्हे. पुष्कळदां ती शांतपणें दूर बसून रोज एक आंकडा लिहिण्यांतच असते.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. आजारी पांखरूं बरें दिसत असतांहि आपण त्याचें वजन कां घ्यावें?
२. भरलेल्या वाटीजवळ बजरीगर उपाशीं कसें राहूं शकतें?
३. गिधाडांच्या उदाहरणावरून घरगुती औषधाविषयीं काय शिकावें?
४. आपल्या गांवांत पांखरास दुखापत झाल्यास आपण कोणाकडे जाल? तें ठिकाण आजच लिहून ठेवा.