जुन्या लॅपटॉपवर मुक्त प्रणाली : निर्णय कसा करावा?



दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या उमरखेडची अकरावीत शिकणारी एक विद्यार्थिनी थोरल्या भावाचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. लॅपटॉप २०१५ सालचा. सुरू व्हायला दोन-अडीच मिनिटे लागत. पडद्यावर सूचना येई की, या संगणकावरील विंडोज १० ची मुदत संपली आहे आणि विंडोज ११ या यंत्रावर चालणार नाही. आमच्या गावाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. तिथल्या एका दुकानदाराने "नवाच घ्या" असे सांगितले होते. घरी नवा घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. शिवाय याच लॅपटॉपवर तिच्या आईच्या बचत गटाचे सहा वर्षांचे हिशेब होते.

तिने विचारले, "सर, यावर लिनक्स घातले तर हा वाचेल का?"

या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दाचे उत्तर नाही. परंतु उत्तर शोधण्याची रीत मात्र आहे, आणि ती प्रयोगशाळेत तुम्ही शिकता तीच आहे.

प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे प्रक्रियक, स्मृती, तबकडी, कळफलक व पडदा. या सर्वांकडून काम करून घेणारा मूळ कार्यक्रम म्हणजे संचालन प्रणाली. तुम्ही कळ दाबली हे ओळखणे, स्मृतीतील जागा वाटून देणे, तबकडीवर माहिती लिहिणे ही कामे ती करते. विंडोज ही अशी एक प्रणाली आहे, लिनक्स ही दुसरी.

दोहोंतील मुख्य फरक समजण्यासाठी शेतातील मोटारपंप डोळ्यांपुढे आणा. मोटार जळाली तर गावातला कारागीर ती उघडतो, तार पुन्हा भरतो आणि पंप चालू करून देतो. आता समजा, मोटारीचे झाकण कायमचे बंद केलेले आहे व ती फक्त कंपनीनेच उघडायची. मग कंपनीने "हे मॉडेल आता आम्ही दुरुस्त करीत नाही" असे म्हटले की आपला उपाय खुंटला. ज्या प्रणालीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो व वाटता येतो, ती मुक्तस्रोत प्रणाली. एका गटाने काम थांबवले तरी दुसरा गट ते पुढे चालवू शकतो.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये अशा मुक्त प्रणालीची योजना जाहीर केली. तिचे नाव ग्नू. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिच्या गाभ्याला पुढे लिनक्स हे नाव मिळाले. आज अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर चालणारी आहेत. तेव्हा "फुकटचे म्हणजे हलके" ही समजूत आधी सोडून द्यावी.

आपल्या राज्यातलेही एक उदाहरण पाहा. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांना प्रत्येकी एक छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. त्या यंत्राची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती आणि त्यावर लिनक्स होते. काम नेमके ठरलेले असेल तर थोड्या साधनांतही भागते, हे त्यावरून दिसते.

एक नव्हे, दोन प्रश्न

आता आपल्या लॅपटॉपकडे वळू. त्या विद्यार्थिनीची तक्रार एक वाटली तरी त्यात दोन वेगळे प्रश्न होते. एक, यंत्र हळू चालते. दोन, प्रणालीची मुदत संपली आहे. हे दोन्ही एकत्र केले की निर्णय चुकतो.

प्रथम गतीचा प्रश्न. या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी चुंबकीय तबकडी होती. एका फेऱ्याला ६० ÷ ५४०० = ०.०१११ सेकंद, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे १२ मिलिसेकंद धरा. एकूण सुमारे १८ मिलिसेकंद झाले. म्हणजे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला फार तर ५५ वाचता येतील. समजा, प्रणाली सुरू होताना अशा ५५०० नोंदी वाचायच्या आहेत. तर केवळ त्यालाच १०० सेकंद लागतील! घनावस्था तबकडीत, म्हणजेच एसएसडीमध्ये, फिरणारा भागच नसतो. तिथे एका नोंदीला ०.१ मिलिसेकंद धरला तरी तेच काम अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकते.

यावरून काय दिसते? यंत्राच्या मंदपणाचे मोठे कारण प्रणालीत नसून तबकडीत होते. केवळ लिनक्स घालून तबकडीचे फेरे वाढणार नाहीत.

दुसरा प्रश्न मुदतीचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली व पुढे मर्यादित काळाची सुरक्षा-सेवा देऊ केली. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही. पण प्रणालीत नवी भगदाडे सापडली तर ती बुजवली जात नाहीत. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. विंडोज ११ साठी ठरावीक नवे प्रक्रियक व टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. २०१५ चे यंत्र त्यात बसत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला मात्र लिनक्स हे खरे उत्तर होऊ शकते. उदाहरणार्थ, लिनक्स मिंटला किमान २ गिगाबाइट स्मृती लागते आणि ४ असल्यास काम सुखाने होते. आपल्या लॅपटॉपमध्ये ४ होती. लिनक्समध्येही भगदाडे सापडतात, पण ती बुजवण्याचे काम चालू असते. ते अद्ययावत ठेवणे मात्र आपल्याकडे असते.

आधी प्रयोग, मग निर्णय

उष्णतेच्या धड्यात प्रतिवर्ती व अप्रतिवर्ती प्रक्रिया तुम्ही शिकला असाल. तबकडी पुसून नवी प्रणाली घालणे ही अप्रतिवर्ती क्रिया आहे. गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून ती सर्वांत शेवटी करावी. सुदैवाने लिनक्स पेन ड्राइव्हवरून, तबकडीला हात न लावता, चालवून पाहता येते. आम्ही तीन दिवस संध्याकाळी हेच केले. वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड, झाकण मिटल्यावर झोपी जाणे व पुन्हा जागे होणे असे एकेक तपासले आणि वहीत नोंदले. पेन ड्राइव्ह स्वतःच मंद असल्यामुळे या चाचणीत गतीचे अनुमान मात्र काढू नये.

मग घरातील प्रत्येकाचे काम लिहून काढले. विद्यार्थिनीचा अभ्यास, लेखन व सादरीकरण लिब्रेऑफिसमध्ये होत होते. आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम मिळाले. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांसाठी नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्राने तयार केलेले एक्सपाइज हे साधनही लिनक्सवर चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अशा मुक्त कार्यक्रमांचे छोटे पाठ मराठीतूनही आहेत. भावाला मात्र टॅलीचा सराव हवा होता. तो कार्यक्रम विंडोजसाठी बनवलेला आहे. येथे वहीत पहिली फुली पडली.

दुसरी फुली आईच्या हिशेबांपुढे पडली. ते हिशेब कृती देव या जुन्या पद्धतीच्या टंकात होते. अशा टंकात संगणक "क" साठवतच नाही. तो इंग्रजी "डी" या अक्षराचा १०० हा संकेतांक साठवतो आणि टंक त्या जागी "क" चे चित्र काढतो. टंक नसेल तर हिशेबाच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये "क" ला स्वतःचा संकेतांक आहे : २३२५. तो कोणत्याही प्रणालीत "क"च राहतो. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. परंतु जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात व युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांट्या व रफार तपासावेच लागतात. हे काम लिनक्सला जावो न जावो, कधीतरी करायलाच हवे होते.

निर्णय

शेवटी असे ठरले. नवा लॅपटॉप घ्यायचा नाही. त्या मानाने थोड्या खर्चात एक एसएसडी घ्यायची, ती लॅपटॉपमध्ये बसवून तिच्यावर लिनक्स घालायचे. जुनी तबकडी जशीच्या तशी काढून डब्यात ठेवायची. गरज पडली तर पुन्हा बसवता येईल; म्हणजे अप्रतिवर्ती क्रिया शक्य तितकी प्रतिवर्ती झाली. हिशेबांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. भावाने टॅलीचा सराव शिकवणीच्या वर्गात करण्याचे कबूल केले. त्याची ही गैरसोय खरी होती. ती लपवून निर्णय केला असता तर तो घरात टिकला नसता.

लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. याचे श्रेय कोणाला, हे तुम्ही वरील गणितावरून सांगू शकाल. सहा वर्षांच्या हिशेबांपैकी दोन वर्षांचे रूपांतर झाले आहे. मुलगी वाचून दाखवते, आई वहीशी ताडून पाहते. पहिल्याच आठवड्यात दोन सभासदांच्या नावांतील वेलांट्या चुकलेल्या सापडल्या. आकडे मात्र सर्व जुळले.

दुसऱ्या एखाद्या घरी याच रीतीने निघालेले उत्तर "विंडोजच ठेवा" असेही येईल. मुख्य काम टॅलीचे असेल तर तेच योग्य. आपला निर्णय कोणत्या पक्षाचा, याला महत्त्व नाही. तो कोणत्या नोंदींवर उभा आहे, याला आहे.

करून पाहा

१. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीत अर्ध्या फेऱ्याला किती वेळ लागेल? शीर्ष सरकण्यास १२ मिलिसेकंदच लागतात असे धरून, अशी तबकडी बसवल्यास गती किती पटीने वाढेल?

२. शाळेतील एका संगणकावर कोणकोणती कामे होतात याची यादी करा. प्रत्येक कामापुढे "कोणत्याही प्रणालीवर चालेल", "पर्यायी कार्यक्रम आहे" किंवा "विंडोजच हवे" असे लिहा.

३. शाळेतील एखादी जुनी मराठी फाइल युनिकोडमध्ये आहे की जुन्या टंकात, हे टंकाचे नाव न पाहता कसे ओळखाल? (सूचना : टंक बदलून पाहा.)