नमपाय एक, फाइली चार!

मित्रांनो, मिनी-प्रोजेक्ट म्हटलं की चार जणांचा ग्रुप आणि चार फाइली हे ठरलेलंच. एकाने डेटा वाचायचा, दुसऱ्याने तो साफ करायचा, तिसऱ्याने गणित करायचं आणि चौथ्याने ग्राफ काढायचे. प्रत्येकाची फाइल आपापल्या लॅपटॉपवर मस्त चालते. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या एकत्र केल्या की मात्र मारामारी सुरू! म्हणून पायथॉनमधली नमपाय ही लायब्ररी अनेक फाइलींमध्ये कशी वापरायची, ते आज बघूया.

आधी थोडा इतिहास. पायथॉनमध्ये ॲरेसाठी पूर्वी न्यूमेरिक आणि नमॲरे अशा दोन लायब्रऱ्या होत्या. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोघींचं काम एकत्र आणून नमपाय उभी केली आणि 2006 मध्ये तिची 1.0 आवृत्ती आली. आज सायपाय, पांडाज अशा कितीतरी लायब्रऱ्या तिच्यावर उभ्या आहेत.

आता पहिला प्रश्न. मुख्य फाइलमध्ये «इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी» लिहिलं, मग बाकीच्या फाइलींमध्ये परत कशाला? उत्तर सोपं आहे. समजा मेसच्या काकांचा नंबर तुमच्या रूम पार्टनरने सेव्ह केला. म्हणून तो तुमच्या मोबाइलमध्ये येईल का? नाही ना! तसंच «एनपी» हे नाव फक्त ज्या फाइलमध्ये लिहिलं, त्याच फाइलचं असतं. दुसऱ्या फाइलने ते न आणता वापरलं, तर पायथॉन सरळ नेमएरर देतो. म्हणून जिथे नमपाय लागते, त्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ती ओळ हवीच.

मग लायब्ररी चार वेळा लोड होऊन प्रोग्रॅम स्लो होईल का? अजिबात नाही. नंबर चार मोबाइलमध्ये असला तरी काका एकच. पहिल्या इम्पोर्टला पायथॉन नमपाय लोड करतो आणि तिची नोंद «सिस डॉट मॉड्यूल्स» या डिक्शनरीत ठेवतो. पुढच्या प्रत्येक इम्पोर्टला तिथूनच ती उचलून फक्त नाव जोडून देतो.

पण काका एकच असल्याचा दुसरा परिणामही आहे. एकाने जाऊन सांगितलं «आज भाजी कमी तिखट करा», तर सगळ्या हॉस्टेलला कमी तिखटच खावं लागतं! नमपायमध्ये असं होतं ते रँडम आकड्यांचं. तुम्ही तुमच्या फाइलमध्ये «एनपी डॉट रँडम डॉट सीड» 42 दिलंत आणि मित्राच्या फाइलने मध्येच दोन रँडम आकडे काढले, तर तुमची पुढची मालिका बदलते, कारण जुन्या पद्धतीत सगळ्यांचा जनरेटर एकच असतो. रिपोर्टमध्ये छापलेलं उत्तर व्हायव्हाला येतच नाही आणि एरर तर कुठेच नसतो. यावरचा उपाय 2019 च्या 1.17 आवृत्तीत आला. मुख्य फाइलमध्ये «डिफॉल्ट आरएनजी» या फंक्शनने सीड देऊन जनरेटर बनवायचा आणि ज्या फंक्शनला लागेल त्याला तो आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा. प्रत्येक भागाची मालिका अगदी वेगळी हवी असेल, तर त्याला वेगळा जनरेटर द्या.

याहून घातक गोष्ट म्हणजे ॲरेची देवाणघेवाण. पायथॉनच्या लिस्टचा तुकडा घेतला की नवी कॉपी मिळते. नमपायच्या ॲरेचा तुकडा मात्र मूळ डेटावरचीच एक खिडकी असते, तिला व्ह्यू म्हणतात. समजा महिनाभराच्या तापमानाचा दशांश आकड्यांचा ॲरे आहे. साफसफाईवाल्या मित्राने पहिले 24 तास घेतले आणि «-=» वापरून त्यातून सरासरी वजा केली. झालं! मूळ ॲरेमधले ते 24 आकडेसुद्धा बदलले. ग्राफवाल्याला पहिल्याच दिवशी तापमान शून्याच्या आसपास दिसणार आणि तो बिचारा आपल्याच फाइलमध्ये चूक शोधत बसणार. «एक्स = एक्स - सरासरी» असं लिहिलं की नवा ॲरे बनतो, मूळ सुखरूप राहतो. नाहीतर फंक्शनच्या सुरुवातीला «कॉपी» करा. डेटा मुद्दाम बदलायचा असेल, तर तसं कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहा.

आता «फ्रॉम नमपाय इम्पोर्ट स्टार» बद्दल. टायपिंग वाचतं खरं, पण नवऱ्यासोबत सगळं वऱ्हाड घरात येतं! पायथॉनच्या स्वतःच्या «सम» च्या जागी नमपायचा «सम» बसतो. गंमत बघा: सम(रेंज(5), -1) चं उत्तर साध्या पायथॉनमध्ये 9 येतं, कारण 0 ते 4 ची बेरीज 10 आणि त्यात -1. नमपायचा «सम» तो -1 अक्ष समजतो आणि 10 देतो. ओळ तीच, उत्तर वेगळं! त्यात कोणी ही फाइलसुद्धा स्टारनेच इम्पोर्ट केली, तर वऱ्हाड पुढच्या घरी जातं.

शेवटी दोन छोट्या गोष्टी. आपल्या फाइलला «नमपाय डॉट पीवाय» किंवा «रँडम डॉट पीवाय» असं नाव देऊ नका. पायथॉन आधी तुमच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो. दुसरं, चौघांच्या लॅपटॉपवर नमपायची आवृत्ती एकच ठेवा. जुन्या पुस्तकांतलं «एनपी डॉट फ्लोट» 1.24 पासून काढून टाकलंय आणि 2024 च्या 2.0 मध्ये आणखी बरीच नावं गेली. आवृत्तीचा नंबर रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

तर दोस्तांनो, नेमएररला घाबरू नका, तो निदान ओरडून सांगतो. घाबरायचं ते गुपचूप चुकीचं उत्तर देणाऱ्या कोडला. म्हणून फाइली शेवटच्या रात्री जोडू नका. पहिल्याच आठवड्यात दहा आकड्यांचा छोटा डेटा घेऊन चारही एकत्र चालवा आणि आलेलं उत्तर एकदा कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. ऑल द बेस्ट!