इराणी नोटेवरील सन वाचायला शिका

जुन्या नोटांचा संग्रह किंवा खरेदी-विक्री करणाऱ्या बांधवांची इराणी नोटेबाबत हमखास फसगत होते ती सनामुळे. समजा, २० रियालची एक नोट आपल्यासमोर आली व तिच्यावर १३३३ हा सन आहे. आपल्या ओळखीच्या चांद्र हिजरीप्रमाणे हे साल इ. स. १९१४-१५ ठरते. नोट शंभर वर्षांहून जुनी समजून आपण जादा दाम मोजतो. प्रत्यक्षात ती १९५४ ची असते.

याचे कारण असे की, इराणने १९२५ साली सरकारी कामकाजासाठी सौर हिजरी सन स्वीकारला. त्याची गणना हिजरतीपासूनच होते. परंतु वर्ष सूर्याचे असून ते मार्च महिन्यात नौरोजला सुरू होते. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने दोन्ही सनांत मोठे अंतर पडले आहे.

हिशेब सोपा आहे : नोटेवरील सौर सनात ६२१ मिळवा. १३३३ + ६२१ = १९५४. फारसी आकडे उर्दूसारखेच असल्याने उर्दू जाणणाऱ्यांना ते वाचणे कठीण नाही.

एवढ्यावर न थांबता नोटेवरच पडताळा घ्यावा :

१) बँक : बँक मिल्ली १९२८ मध्ये सुरू झाली व १९३२ पासून तिच्या नोटा निघाल्या. त्यापूर्वीच्या नोटा इंग्रजांच्या इम्पीरियल बँक ऑफ पर्शियाच्या होत. १९६० मध्ये बँक मरकझी स्थापन होऊन हे काम तिच्याकडे गेले.

२) चलन : 'रियाल'च्या नोटा १९३२ पासूनच्या. त्यापूर्वीच्या नोटांवर 'तुमान' असे.

३) चित्र : रझा शाह १९४१ पर्यंत गादीवर होते, त्यानंतर १९७९ पर्यंत त्यांचे पुत्र मुहम्मद रझा शाह. पुत्राचा जन्मच १९१९ चा. मग त्यांच्या चित्राची नोट १९१४ ची कशी असेल?

काही नोटांवर सन नसतो. तेथे चित्र व सह्यांवरून काळ ठरवावा लागतो.

नोट धुऊन, इस्त्री करून कोरी भासवू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. त्याने किंमत उलट घटते. विकताना घडी, छिद्र, डाग गिऱ्हाइकाला दाखवावेत आणि खरा सन स्वतःहून सांगावा. गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर मिळवलेला नफा हलाल कमाईत बसत नाही.

सराव : १३३० व १३३७ या सनांचे इसवी सन काढा. (उत्तर : १९५१ व १९५८)