नैराश्याच्या गोळ्या आणि कामजीवन

समजा, माहुलच्या वसाहतीत राहणारे एक चाळिशीचे गृहस्थ आहेत. नैराश्याने त्यांची झोप उडाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचार विभागातून त्यांना गोळ्या मिळाल्या. दीड महिन्यात मन सावरले, पण पत्नीजवळ जाण्याची इच्छाच उरली नाही. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. चारपाच दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू झाली; पुढे काही महिन्यांत नैराश्यही परतले.

असे का होते? फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, पॅरोक्सेटिन ही औषधे मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवतात. त्याने मन उभारी धरते, पण कामेच्छा मंदावू शकते. पुरुषांत ताठरता कमी होते किंवा वीर्यपतन लांबते. स्त्रियांना कोरडेपणा जाणवतो, कामतृप्ती मिळत नाही. यात 'नामर्दपणा' नाही आणि जोडीदारावरचे प्रेमही आटलेले नसते.

मात्र दोष नेहमी गोळीचाच नसतो. नैराश्यातही कामेच्छा कमी होते. मधुमेह, रक्तदाबाची काही औषधे आणि दारू हीही कारणे असू शकतात. म्हणून तक्रार गोळीच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

उपाय आहेत. काहींचा त्रास काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. नाहीतर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखे औषध देतात. त्यांत हा त्रास सहसा कमी असतो. पुरुषांना सिल्डेनाफिल उपयोगी पडू शकते, पण हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते कदापि घेऊ नये. रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींना भुलू नका. गोळी थांबवायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. क्वचित औषध बंद केल्यावरही तक्रार राहते. तीही डॉक्टरांना सांगावी.

पती-पत्नींनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे. शक्य असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. र. धों. कर्वे यांनी 1927 साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून कामजीवनावर उघडपणे लिहिले. मग आपण निदान डॉक्टरांपुढे तरी का संकोचावे? पुढच्या भेटीत एवढेच म्हणा, "डॉक्टर, गोळी सुरू झाल्यापासून संबंधांत अडचण येते." बाकीचे प्रश्न ते स्वतः विचारतील.

मन फार खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर थांबू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.