शेततळ्याचा काठ समपातळीत कसा राखावा

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. यशवंतसागरामुळे केत्तूर, कंदर ह्या बाजूच्या रानास पाणी जवळ आले खरे; परंतु चैत्र-वैशाखात पाणी मागे हटले म्हणजे पंपाचे पाइप पुढे पुढे न्यावे लागतात. म्हणून पाणी मुबलक असतानाच शेततळे भरून ठेवणे पुष्कळांस सोयीचे वाटते. अशा तळ्याच्या खोलीची चौकशी सर्वजण करितात, काठाच्या पातळीची फारसे कोणी करीत नाही.

वरून ३० मीटर चौरस, खोली ३ मीटर व बाजूंचा उतार एकास एक, असे तळे धरले तर त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. पण हा हिशेब काठ सर्वत्र सारखा असला तरच खरा. पाणी सर्वांत सखल जागेपर्यंतच चढते. एकच कोपरा १० सेंटिमीटर खाली राहिला, तर सुमारे ८९ हजार लिटर पाणी, म्हणजे ५ हजार लिटरचे जवळजवळ १८ टँकर, कमी साठतात. ऐन वैशाखात केळीच्या बागेस तेवढ्या पाण्याची किंमत काय, हे बागाईतदारास सांगावयास नको. पोहण्याच्या तलावात पाणी फरशीच्या काठाला भिडलेले असल्यामुळे बोटभर फरकही नजरेस येतो. मातीच्या काठावर तो लपून राहतो. तळाचा थोडा उंचसखलपणा चालेल; टोकदार दगड मात्र तेथे राहू देऊ नयेत.

आमच्या मते काठाच्या कोणत्याही दोन ठिकाणी २ सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक राहू देऊ नये. एवढ्यानेही १८ हजार लिटर जातातच. उतरत्या रानात नजर फसते, म्हणून गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. ती चाळीस मीटर असावी. आत बुडबुडा राहिल्यास सर्व माप चुकते. तेव्हा दोन्ही टोके प्रथम शेजारी धरून पाणी सारखे दिसते की नाही, हे पाहावे. एका कोपऱ्याच्या खुंटीवरून शेजारच्या दोन्ही कोपऱ्यांच्या खुंट्या ठरवाव्या व त्या दोहोंवरून समोरच्या कोपऱ्याची पातळी निरनिराळी काढावी. दोन्ही खुणांत एक सेंटिमीटरहून अधिक अंतर पडले तर काम पुन्हा करावे.

काळ्या मातीचा भराव खचतो. तो थराथराने, पाणी मारून धुमसावा आणि कागद अंथरण्यापूर्वी खुंट्या पुन्हा ताडून पाहाव्या. कागदाची कड चरात पुरल्यावर काठ चढविणे जिकिरीचे होते. पुढे एखादा कोपरा खचलाच, तर तळे उतरल्यावर तेवढ्या बाजूचा कागद मोकळा करून भराव चढवावा. भरल्या तळ्याच्या काठावर मातीची पोती रचू नयेत.