विश्वासाला नोंदीचा आधार

समूहाने निर्णय घ्यावयाचा म्हणजे परस्परविश्वास हवा. ग्रामसभेत किंवा सहकारी संस्थेच्या सभेत माणसे एकमेकांना ओळखतात. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यावयाचे, हे त्यांना ठाऊक असते. इंटरनेटवर विचारविनिमय करताना मात्र चेहरा दिसत नाही आणि एकच व्यक्ती चार नावांनी बोलू शकते. अशा स्थितीत सामुदायिक निर्णय विश्वासार्ह कसा ठरावा?

या दृष्टीने विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. २००१ साली इंग्रजीत सुरू झालेल्या या कोशाची मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. वादग्रस्त मजकुराचा निर्णय तेथे शक्यतो मते मोजून न घेता चर्चेअंती सहमतीने घेतला जातो. दुसऱ्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरावे, हा तेथील संकेत होय. परंतु केवळ सद्‌भावनेवर हा कारभार चालत नाही. कोणता बदल कोणत्या खात्यावरून केव्हा झाला, याची नोंद राहते. ती वाचकालाही पाहता येते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो.

या व्यवस्थेची कसोटी २०१५ साली लागली. खरी ओळख लपवून, मोबदल्यासाठी प्रचारकी लेखन करणारी ३८१ खाती इंग्रजी विकिपीडियावर बंद करण्यात आली. स्वयंसेवकांनी नोंदी पडताळल्या, म्हणूनच हा प्रकार उघडकीस आला. पुराव्यावाचून व्यक्तीवर घेतलेला संशय समूह फोडतो. निर्णयाची पुराव्यानिशी केलेली तपासणी मात्र समूहाचे रक्षण करते, हा यातील बोध आहे.

आज बचतगट आणि गृहनिर्माण संस्थांचे अनेक प्रश्न मोबाईलवरील गटांत चर्चिले जातात. तेथे मौन म्हणजे संमती, असे मानले जाण्याचा धोका असतो. ज्या भगिनीजवळ फोन नाही, तिच्या बचतीविषयीचा निर्णय तिच्या नकळत होऊ शकतो. म्हणून प्रस्ताव स्पष्ट शब्दांत मांडावा, उत्तरास पुरेशी मुदत द्यावी, गटाबाहेर राहिलेल्या सभासदांना प्रत्यक्ष विचारावे आणि विरोधी मतही नोंदवावे. ज्या बाबींसाठी रीतसर सभा आवश्यक आहे, त्यांचा निर्णय सभेतच व्हावा व तो इतिवृत्तात यावा.

हिशेब विचारणाऱ्या सभासदाला वैरी समजू नये. त्याच्या प्रश्नाला नोंदवही उघडून उत्तर देता येते, त्या संस्थेतच विश्वास टिकतो.